भिंगबाईंचा निळा कोट

भिंगबाईंच्या उजव्या डोळ्याभोवती एक फिकट, गोल वण होता. तो चष्म्याचा नव्हता. लहानपणापासून डोळ्यात अडकवून धरलेल्या भिंगाचा होता. त्यांचे वडील घड्याळजी. शाळा सुटल्यावर बरोबरीच्या मुली दोरीवरच्या उड्या मारीत, तेव्हा ही मुलगी दुकानातल्या उंच बाकावर बसून तांदळाच्या कणीहून लहान स्क्रू चिमट्याने उचलून बशीत ठेवीत असे. वडील मितभाषी होते. कामाचा मात्र त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी मुलीला इतक्या वेळा ऐकवला की पुढे तिला तो स्वतःचाच वाटू लागला. सकाळी डोळे ताजे असतात, तेव्हा सर्वांत बिघडलेले घड्याळ आधी उघडायचे. सोपे काम दुपारसाठी ठेवायचे.

पुढे लोक घड्याळे दुरुस्त करण्याऐवजी टाकून देऊ लागले. दुकान बंद झाले, वडील गेले. मुलीचे लग्न झाले, आणि संसार मार्गी लागतो आहे असे वाटत असतानाच नवराही गेला. बेचाळिसाव्या वर्षी बाई एका शेतीशाळेत मदतनीस म्हणून काम मागायला गेल्या. तुम्हाला काय येते, या प्रश्नावर त्यांनी सांगितले की बारीक वस्तू न हरवता पाहता येतात. या एका वाक्यावर त्यांना काम मिळाले. तिथे त्या किडी ओळखायला आणि मोजायला शिकल्या, आणि काही वर्षांनी शहराबाहेरच्या एका मोठ्या भाजीपाला फार्मवर कीड मोजण्यासाठीच रुजू झाल्या. त्यांच्या गळ्यातले भिंग पाहून पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्यांना भिंगबाई म्हटले. नाव पटकन चिकटले आणि खरे नाव हजेरीपटापुरते उरले.

फार्मवर सहा हरितगृहे एका रांगेत उभी होती. काम करणारी माणसे त्यांना नुसते घर म्हणत. पहिल्या चार घरांत ढोबळी मिरची होती, पाचव्यात काकडी, आणि रांगेच्या शेवटी रोपघर. पहिले घर रस्त्यालगत होते; रस्त्याकडेच्या रानगवताला बारा महिने फुले असत आणि तिथून कीड आत शिरत असे. रोपघर याच्या अगदी उलट. तिथे बारीक जाळी होती, दोन दारे होती, एक दार लागल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही असा दंडक होता. ट्रेमध्ये वाढणारी बारा हजार रोपे इथून आसपासच्या शेतांवर जात. रोप स्वच्छ असेल तर पुढचे पीक स्वच्छ, एवढा साधा हिशेब फार्मची पत ठरवीत असे.

बाईंचे काम मुख्यतः एका किड्याचे होते. फुलकिडा स्वल्पविरामाएवढा असतो, आणि स्वल्पविरामासारखाच वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतो. तो पान खरवडतो आणि रस पितो. त्या जागी चंदेरी चट्टे उठतात, त्यांवर काळे ठिपके दिसतात, कोवळे शेंडे वाटीसारखे वळतात, फळ खरबरीत होते. शिवाय एका झाडाचा रोग तो दुसऱ्या झाडाला नेऊन देतो. बाई येण्यापूर्वी फार्मवर दर गुरुवारी फवारणी होत असे आणि दर शुक्रवारी सगळ्यांना समाधान वाटत असे. समाधान सोमवारपर्यंत टिकत असे. फुलकिडा फुलाच्या पोटात लपतो, अंडी पानाच्या आत घालतो, वयात येण्यापूर्वी काही दिवस मातीत जाऊन राहतो. वरून पडणारे औषध त्याच्या आयुष्याच्या थोड्याच भागाला गाठते. जे वाचतात ते औषधाला दाद न देणारे, आणि पुढची पिढी त्यांचीच.

बाईंनी फवारणी बंद करवली. ते सहज झाले नाही, वर्ष गेले. त्यांनी जाळ्या दुरुस्त करून घेतल्या, तण उपटवले, आणि घराघरांत निळ्या चिकट पाट्या टांगल्या, कारण फुलकिड्याला निळ्या रंगाची ओढ असते. तो फूल समजून येतो आणि अडकतो. रोपांवर, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या आणि फुलकिड्यांची पिल्ले खाणाऱ्या शिकारी कोळ्यांच्या कागदी पुड्या लावल्या. मिरचीच्या फुलांत फुलकिडे खाणारे चिमुकले ढेकूण सोडले. या शेवटच्या गोष्टीची बातमी घरी पोहोचली तेव्हा त्यांच्या नणंदेने हातातले शिवणकाम खाली ठेवले होते.

नवरा गेल्यापासून या दोघी दोन खोल्यांत एकत्र राहत. नणंद शिवणकाम करीत असे. बाई तिला अजूनही जुन्या वळणाने वन्सं म्हणत, आणि वन्सं त्यांना वहिनी. मात्र एकमेकींना टोमणे मारताना दोघींनीही कधी हात आखडता घेतला नव्हता.

“आम्ही जन्मभर गाद्या उन्हात टाकून ढेकूण मारले,” वन्सं म्हणाल्या होत्या, “आणि वहिनी पगार घेऊन ढेकूण सोडतात.”

दर सोमवारी बाईंची फेरी असे. सकाळी सातला पहिले घर. पांढरे कार्ड झाडाखाली धरायचे, फूल किंवा शेंडा बोटाने तीनदा झटकायचा, कार्डावर जे धावू लागेल ते भिंगाखाली मोजायचे. एका घरात पन्नास झटके. पहिल्या घरात सर्वाधिक किडे, म्हणून तिथे डोळे ताजे हवेत. मग दुसरे, तिसरे, असे करीत दुपारी दोनच्या सुमारास रोपघर. तिथे मोजण्यासारखे काही नसेच. तीन वर्षे त्या घरापुढे वहीत शून्य होते. वडिलांच्या नियमाप्रमाणे सोपे काम शेवटी येत होते, आणि ते संपल्यावर अर्धा तास बाई तिथेच टेकत.

रोपघर सांभाळणारे गृहस्थ साठीच्या जवळ आले होते. एकोणीस वर्षे त्यांनी दुसरे काम केले नव्हते. सगळे त्यांना रोपेमामा म्हणत. मामांची तिथे दोन आसने होती, एक लाकडी स्टूल आणि एक पालथा घातलेला क्रेट. सोमवारी बाई आल्या की मामा स्टूल पुसून पुढे करीत आणि स्वतः क्रेटवर बसत. दोघे चहा पीत, थोडे बोलत, बराच वेळ गप्प राहत. ज्या माणसाबरोबर गप्प बसता येते असा माणूस मिळणे ही आयुष्यातली मोठी सोय असते, असे बाई मानत.

त्या हंगामात मात्र वहीतले शून्य गेले. आधी दोन आले. पुढच्या सोमवारी पाच, मग नऊ, मग चौदा. कोवळ्या पानांवर चंदेरी ओरखडे दिसू लागले. बाईंनी आणि मामांनी मिळून जाळीचा इंचन्‌इंच तपासला. कुठे भोक नव्हते. माती वाफवलेली होती, ट्रे धुतलेले होते, पाणी गाळलेले होते. बाईंनी पुड्यांची संख्या दुप्पट केली. आकडा चढतच राहिला. मग त्यांनी त्यांना साजेसे काम केले, म्हणजे रोपघराचा नकाशा काढून प्रत्येक ट्रेसमोर किडे लिहिले. कडेचे ट्रे जवळजवळ स्वच्छ होते. मधल्या वाटेजवळच्या स्टुलाभोवती आकड्यांची दाटी झाली होती.

तो नकाशा बाईंनी गुरुवारच्या बैठकीत व्यवस्थापकांपुढे ठेवला. मामाही तिथे होते. व्यवस्थापक वयाने लहान, बोलण्यात सरळ, आणि आकड्यांवर भरवसा ठेवणारे होते. त्यांनी नकाशा नीट पाहिला. कीड जाळीतून येत असती तर कडेला असती, ते म्हणाले. ती मध्ये आहे, म्हणजे कुणाच्या तरी अंगावरून येते आहे. मामांच्या खोलीमागे शेवंतीचा वाफा आहे, हे सर्वांना ठाऊक होते. शेवंतीवर फुलकिडे असतात, हे बाईंनीच एका प्रशिक्षणात सांगितले होते.

“मामा, हे स्टूल कुणाचं?” व्यवस्थापकांनी विचारले.

“माझं,” मामा म्हणाले.

व्यवस्थापकांनी आवाज चढवला नाही. सोमवारी आकडा दहाच्या वर आला तर सगळी रोपे काढून टाकायची, रोपघर महिनाभर रिकामे ठेवायचे, आणि मामांनी मंगळवारपासून प्रतवारीच्या शेडमध्ये जायचे, असे त्यांनी सांगितले. बारा हजार रोपे आणि एकोणीस वर्षे, दोन्हींचा निकाल बाईंच्या पन्नास झटक्यांवर आला.

बाहेर पडताना बाई मामांना म्हणाल्या की मला आकडा लपवता येणार नाही. लपवायला सांगितलंय कुणी, असे मामांनी विचारले, आणि ते रोपांना पाणी घालायला गेले. ते जाताना बाईंना त्यांची पाठ दिसत राहिली. न्यायाच्या खुर्चीवर बसणाऱ्याला निदान माहीत तरी असते की आपण न्याय करतो आहोत. बाईंना वाटे की आपण फक्त मोजतो. त्या तीन दिवसांत त्यांना पहिल्यांदा जाणवले की मोजणे आणि निवाडा करणे यांत आपण समजत होतो तेवढे अंतर नाही.

रविवारी दुपारी वन्सं आठवड्याचे कपडे धूत होत्या. बाईंचा जुना पांढरा कोट हंगामाच्या सुरुवातीला कोपरात फाटला होता आणि वन्संनी शिल्लक कापडातून त्यांना नवा कोट शिवून दिला होता. गडद, चांगला निळा. चार खिशांचा, एक खिसा खास भिंगासाठी. बाईंना तो फार आवडला होता. मळखाऊ आहे, हे वन्संचे कारण. तुम्हाला खुलतो, हे न बोललेले दुसरे कारण. आता वन्सं कोटाच्या छातीवरचे परागांचे पिवळे डाग घासत होत्या आणि कुरकुरत होत्या. दर आठवड्याला हेच, त्या म्हणाल्या. तुम्ही फुलं मोजता की फुलांत लोळता?

बाई खिडकीशी बसून उद्यासाठी निळ्या पाट्यांना दोऱ्या बांधत होत्या. वन्संनी कोट पिळून झटकला, दोरीवर टाकला, पाट्यांकडे पाहिले आणि पुन्हा कोटाकडे पाहिले.

“वहिनी, तुमच्या या पाट्या आणि हा कोट एकाच ठाणातले वाटतात,” त्या म्हणाल्या. “मी पण काय रंग निवडला. आता फक्त चीक फासायचा राहिला.”

बाईंच्या हातातली दोरी थांबली. वन्संना वाटले की टोमणा लागला, आणि त्यांनी चहाचे आधण ठेवले. बाई दोरीवरच्या ओल्या कोटाकडे पाहत होत्या. कोट नऊ आठवड्यांपूर्वी शिवला होता. रोपघरात पहिला किडा सात आठवड्यांपूर्वी दिसला. ट्रेनिंगला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी स्वतः सांगितले होते की निळा रंग फुलकिड्याला दुरून बोलावतो. रोज त्या निळ्या पाट्या हाताळत होत्या, आणि त्याच हातांनी कोटाची बटणे लावत होत्या. भिंग डोळ्याला लावून माणूस जगभर पाहू शकतो. स्वतःच्या बाहीकडे मात्र भिंग सहसा वळत नाही.

आणि ते स्टूल. स्टूल मामांचे होते, हे खरे. त्यावर बसत कोण होते, हे बैठकीत कुणी विचारले नव्हते.

संशय हा पुरावा नव्हे, हे बाईंना कळत होते. सोमवारी सकाळी सातला, पहिल्या घराच्या दाराबाहेर, त्यांनी धुतलेला कोट अंगात घातला, पांढरे कार्ड छातीखाली धरले आणि खिशावर तीनदा टिचकी मारली. मग बाहीवर, मग पाठीमागे हात नेऊन कमरेवर. कार्ड कोरे राहिले. ते त्यांनी वहीत लिहिले. मग त्या रोजच्यासारख्या आत गेल्या आणि रोजच्यासारखी फेरी सुरू केली. मुद्दाम काही जास्त केले नाही, काही कमी केले नाही. मिरचीच्या ओळींमधून अंग चोरून जाताना फुले कोटाला घासत होती. आधी ती अशीच घासत असणार. आजपर्यंत त्यांना ते कळले नव्हते.

पाचवे घर आटोपून दोन वाजता त्या रोपघराच्या दोन दारांमधल्या जागेत शिरल्या आणि आतले दार न उघडता थांबल्या. जागा कपाटाएवढी होती. समोरच्या जाळीतून मामा दिसत होते; त्यांनी स्टूल पुसून ठेवले होते. मामांनी मान वर केली, बाईंना थांबलेले पाहिले, आणि तेही जागच्या जागी थांबले. बाईंनी कार्ड छातीखाली धरले. दहा हजार फुलांना झटकलेल्या बोटांनी त्यांनी स्वतःच्या कोटाला झटके दिले. तीन खिशावर, तीन डाव्या बाहीवर, तीन उजव्या, तीन कमरेवर.

कार्डावर आधी परागाचे कण पडले. मग त्या कणांतले काही चालू लागले. पिवळे, केसाच्या तुकड्याएवढे, घाईत असलेले. बाईंनी भिंग डोळ्याला लावले. एकवीस.

त्यांनी खिशातला काचेचा पेला काढून कार्डावर पालथा घातला. दुपारच्या चहाचा पेला तो. त्यांना भय वाटले नाही. तीन दिवस त्यांनी मनात हेच घोळवले होते की सोमवारी आपल्या आकड्याने एका भल्या माणसाला उठवायचे आहे. तो माणूस निर्दोष होता. दोष कुठे होता ते आता दिसत होते, आणि जे दिसते त्याचे काहीतरी करता येते. जाळीपलीकडे उभ्या असलेल्या मामांना त्यांनी हाताने खूण केली की मी आत येत नाही, आणि कोट काढून उलटा करून पिशवीत कोंबला.

व्यवस्थापकांच्या टेबलावर त्यांनी कार्ड पेल्यासकट ठेवले.

“हे रोपघरातले?” व्यवस्थापकांनी विचारले.

“नाही. माझ्या कोटावरचे. एकवीस आहेत. सकाळी एकही नव्हता, तेही लिहिलंय.”

“आणि आज रोपघरात किती?”

“आज मी आत गेलेच नाही,” बाई म्हणाल्या. “आजचा आकडा हाच समजा. ते स्टूल मामांचं आहे, पण दर सोमवारी त्यावर मी बसते. कोट नऊ आठवड्यांचा आहे. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत यायची पद्धत मात्र माझी तीन वर्षांची. पांढऱ्या कोटामुळे ती निभावली, एवढंच.”

व्यवस्थापक वाकून पेल्याखालचे किडे मोजू लागले. बाईंनी मनाची तयारी करून ठेवली होती. फार्मवर फवारणी बंद झाली होती ती त्यांच्या शब्दावर. तो शब्द आता किती चालेल, हे त्यांना माहीत नव्हते. व्यवस्थापक शेवटी म्हणाले की कुणाच्या तरी अंगावरून येते आहे, हे माझे बरोबर होते. मग त्यांनी खाली वाकून स्वतःच्या शर्टाकडे पाहिले. शर्ट पिवळा होता.

“पिवळ्याला पण येतात?”

“येतात,” बाई म्हणाल्या.

ते शुक्रवारी दोनदा रोपघरात जाऊन आले होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले त्याला हसू म्हणता आले नसते, पण खोलीतली हवा मोकळी झाली. मामांच्या बदलीचा तयार केलेला कागद त्यांनी खणातून काढला, फाडला, आणि आता काय करायचे ते सांगा म्हणाले. चूक सांगणाऱ्यालाच उपाय विचारणे यात मोठा शहाणपणा असतो. तो दाखवला म्हणून बाईंनी त्या तरुण माणसाला पुढे अनेक गोष्टींची सूट दिली.

बाईंनी उपाय सांगितले. प्रत्येक घराच्या दाराशी त्या घराचा वेगळा पांढरा कोट. फेरी उलटी: सकाळी सातला रोपघर, सर्वांत शेवटी पहिले घर, आणि एकदा पहिल्या घरात गेलेल्याने त्या दिवशी मागे फिरायचे नाही, मग तो साहेब का असेना. स्टुलाभोवतीचे चाळीस ट्रे काढून नष्ट करायचे. बाकीच्यांना तीन आठवडे द्यायचे. फुलकिड्याची एक पिढी पुरी व्हायला साधारण दोन लागतात, आणि नवे येणे थांबले तर शिकारी कोळी उरलेल्यांचे पाहून घेतील. व्यवस्थापकांनी तीन आठवडे दिले. एकाही दिवसाने जास्त नाही, हेही सांगितले.

मामांशी बोलणे झाले ते रोपघराच्या जाळीतून. बाई बाहेर उभ्या होत्या, मामा आत. बाईंनी सगळे सांगितले. मामांना त्याचे फारसे नवल वाटलेले दिसले नाही, आणि तेव्हा बाईंच्या ध्यानात आले.

“तुम्हाला माहीत होतं.”

“शंका होती,” मामा म्हणाले. “सोमवारी संध्याकाळी पाटीवर किडे जास्त असायचे. रविवारी कमी. दोन महिने बघत होतो.”

“मग बोलला का नाहीत?”

“निळ्या रंगाचं तू आम्हाला शिकवलंस, ताई. तुला मी शिकवू?” मामांनी स्टुलाकडे पाहिले. “आणि बोललो असतो, तर तू बसायची बंद झाली असतीस.”

बाईंना राग आला. तो खरा राग होता आणि त्यांनी तो लपवला नाही. तुमच्या या भिडेपायी बारा हजार रोपं गेली असती, त्या म्हणाल्या. तुमची जागा गेली असती, आणि मी जन्मभर तुमच्याविषयी वाईट समजून राहिले असते. मामांनी ऐकून घेतले. भीड हा आपल्या समाजातला फार सभ्य दिसणारा दोष आहे. ती ज्याच्यासाठी धरली जाते त्याला मान देते आणि त्याच वेळी त्याला अंधारात ठेवते. बाईंना हे इतक्या शब्दांत सुचले नाही. पण घरी चालत जाताना त्यांनी मनात ठरवले की पुढच्या वेळी कुणी आपल्याला भिऊन किंवा जपून गप्प बसला, तर चूक निम्मी आपली समजायची. आपण इतके बिनचूक दिसायला नको होते.

घरी वन्संना सांगणे सर्वांत अवघड गेले. कोटाला दोष नव्हता, शिलाईला तर नव्हताच. तरी वन्संनी तोंड फिरवले. मग बाई म्हणाल्या की कोट टाकून देत नाही, त्याच्या पट्ट्या कापून, चीक लावून पहिल्या घरात टांगणार आहे. वन्संनी जरा विचार केला.

“म्हणजे माझं कापड कामाला येणार.”

“पाट्यांपेक्षा चांगलं. एकवीस एका फेरीत.”

“मग न्या,” वन्सं म्हणाल्या. “बटणं तेवढी काढून ठेवा. ती साधी नाहीत.”

कात्री वन्संनीच चालवली. भिंगाचा खिसा त्यांनी अख्खा उसवून बाजूला ठेवला आणि पुढे तो पांढऱ्या कोटावर शिवून दिला.

तीन आठवडे हळू गेले. पहिल्या सोमवारी, सकाळी सातला, बाईंनी रोपघरात नऊ मोजले. दुसऱ्या सोमवारी चार. या दिवसांत एक गोष्ट त्यांना वारंवार आठवे. वडिलांचा नियम खोटा नव्हता. डोळे सकाळीच ताजे असतात आणि बिघडलेले काम ताज्या डोळ्यांनीच करावे. पण एका घड्याळाचा बिघाड दुसऱ्या घड्याळाला लागत नाही. दुकानात जे प्रामाणिकपणाचे होते तेच इथे तीन वर्षे चुकीच्या दिशेने चालत होते, आणि चालणारीला त्यात आपल्या कष्टाचा अभिमान वाटत होता. वडील असते तर त्यांनी काय म्हटले असते, याचा विचार केल्यावर बाईंना दिसले की ते काहीच म्हणाले नसते. त्यांनी भिंग पुसले असते आणि बाकाची जागा बदलली असती.

तिसऱ्या सोमवारी मामा दाराशी पांढरा कोट घेऊन उभे होते. व्यवस्थापकही आले होते, करड्या शर्टात. बाईंनी पन्नास शेंडे झटकले, ट्रेमागून ट्रे, कडेचे, मधले, आणि जिथे स्टूल असे त्या रिकाम्या जागेच्या आसपासचे. प्रत्येक झटक्यानंतर भिंग डोळ्याला. तिसाव्या झटक्याला कार्डावर काहीतरी चालले. त्यांनी पाहिले, तो शिकारी कोळी होता, भुकेला आणि गडबडीत. त्याला त्यांनी बोटाने परत पानावर ठेवले. पन्नासाव्यानंतर त्यांनी कार्ड प्रकाशाकडे तिरके धरून पुन्हा एकदा पाहिले, कारण एवढ्या दिवसांनी आपण जे पाहतो ते आपल्याला हवे आहे म्हणून दिसत नाही ना, याची त्यांना खात्री करायची होती.

कार्डावर काही नव्हते. त्यांनी वहीत शून्य लिहिले आणि वही व्यवस्थापकांपुढे धरली. व्यवस्थापकांनी सही केली, उद्यापासून रोपे पाठवायला सुरुवात करा असे मामांना सांगितले, आणि ते निघून गेले. मामांनी पंप चालू केला. तुषारांचा आवाज सुरू झाला, रोजचा, आणि दोघांनाही तो पहिल्यांदा ऐकल्यासारखा वाटला.

“मला जरा दे,” मामा म्हणाले.

बाईंनी भिंग गळ्यातून काढून दिले. ते डोळ्यात कसे अडकवायचे हे मामांना जमेना. भिंग दोनदा खाली पडले. शेवटी हाताने धरून त्यांनी एक शेंडा पाहिला आणि बराच वेळ पाहत राहिले. एवढी लव असते होय पानावर, एवढेच म्हणाले.

दुपारी दोनला बाई पहिल्या घरातून बाहेर पडल्या. त्या दिवशी आता त्यांना रोपघरात जाता येणार नव्हते. नियम त्यांचाच होता. कोट दाराशी टांगून, हात धुऊन त्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला आल्या, तर रोपघराच्या भिंतीला लागून, सावलीत, स्टूल आणि पालथा क्रेट मांडलेले होते. चहा आणलेला होता.

मामांनी स्टूल पुसले. बाईंनी बसण्याआधी सवयीने स्वतःची बाही तीनदा झटकली, आणि मग त्या बसल्या.